धोका दिला म्हणे!

मराठीत 'धोका' या शब्दाला एके काळी वजन होतं. सख्ख्या भावानं वाटणीत विहिरीकडचा तुकडा हळूच स्वतःच्या नावावर करून घेतला, भागीदारानं गल्ला उचलून रातोरात गाव सोडलं, हळदीच्या आदल्या दिवशी वरपक्षानं लग्न मोडलं, की मग कुठे माणूस कपाळाला हात लावून म्हणायचा, "धोका झाला!" हल्ली हा शब्द मला अमरावतीत गिल्या वड्याच्या गाडीपाशी ऐकू येतो. विशी-बाविशीचा एखादा पोट्टा मोबाइलकडे बघत पोटतिडकीनं सांगत असतो, "अय्यरनं धोका देल्ला ना बे!" आपल्याला वाटतं, हा अय्यर याच्या बहिणीला बघून गेलेला असावा. चौकशी केली की कळतं, श्रेयस अय्यर दोन धावांवर बाद झाला आहे आणि या पोट्ट्यानं त्याला आपल्या संघाचा कॅप्टन नेमलं होतं. ही नेमणूक झाल्याचं श्रेयसला कुणी कळवलेलं नसतं.

माझं भांडण आहे ते या शब्दाशी. ज्याला आपण वचन मागितलं नाही आणि ज्यानं ते दिलं नाही, तो धोका देतो कसा?

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. याला फँटसी म्हणतात. खऱ्या सामन्यातल्या दोन्ही बाजूंमधून आपण आपले अकरा वेचायचे. प्रत्येक खेळाडूवर किमतीची चिठ्ठी, आणि आपल्या खिशात खोटे १०० क्रेडिट. धावेला एक गुण, झेलाला आठ, बळीला पंचवीस-तीस, भोपळ्याला वजा दोन. कॅप्टनचे दुप्पट, व्हाइस कॅप्टनचे दीडपट. मग खरी माणसं उन्हातान्हात, नाहीतर दिव्यांच्या उजेडात घाम गाळतात आणि आपण पलंगावर पडून हिशेब लावतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. पण पैसे गेले, खोड राहिली. माझ्या पुतण्याच्या ऑफिसात आता हाच कारभार दोनशे पानी वहीत चालतो. शनिवारी ज्याचे गुण सगळ्यांत कमी, त्यानं सगळ्यांना चहा आणि गिला वडा द्यायचा.

कायद्याच्या आधी हा पुतण्या सामन्यागणिक ४९ रुपये लावत असे. आयपीएलचे ७४ सामने, गुणिले ४९, म्हणजे ३,६२६ रुपये. त्यातले परत किती आले ते त्यानं मला सांगितलं नाही, आणि ज्या अर्थी सांगितलं नाही त्या अर्थी मी समजलो. त्याच्या आईचा चष्मा उन्हाळ्यात व्हायचा तो दिवाळीत झाला.

आता २०२५ च्या आयपीएलचा शेवटचा आठवडा घ्या. २९ मे रोजी मुल्लनपूरला पहिला क्वालिफायर, पंजाब विरुद्ध बंगळूरु. पुतण्याचा कॅप्टन श्रेयस. धावा दोन. "धोका!" १ जूनला अहमदाबादला मुंबईविरुद्ध सामना. पुतण्यानं रागानं श्रेयसला संघातूनच काढलं. त्या रात्री श्रेयसनं ४१ चेंडूंत नाबाद ८७ धावा कुटल्या आणि पंजाबला अंतिम सामन्यात नेलं. पुतण्या म्हणाला, "काका, पाहा, पुन्हा धोका!" ३ जूनला अंतिम सामना. श्रेयस सन्मानानं परत कॅप्टन. धाव एक. म्हणजे सहा दिवसांत तीनदा धोका, त्यातला एक तर ८७ धावा काढून! श्रेयसच्या जागी मी असतो तर क्रिकेट सोडून पोस्टात लागलो असतो.

आणि एक गोष्ट या वहीबहाद्दरांच्या ध्यानातही आली नाही. २९ मे आणि ३ जून, दोन्ही दिवशी श्रेयसचा झेल यष्टीमागे ज्यानं घेतला, तो अमरावतीचा. जितेश शर्मा. वहीत त्या झेलाचे आठ-आठ गुण पडले आणि शाई वाळली.

जितेशचं तर त्या आठवड्यात आणखी मोठं काम झालं होतं. २७ मे, लखनौ. बंगळूरुसमोर २२८ धावांचं लक्ष्य, आणि त्या रात्री संघाचा कॅप्टन खरोखरीचा जितेश, वहीतला नव्हे. रिव्हर्स स्वीप मारताना त्याचा झेल गेला, तो नो-बॉल निघाला, आणि फ्री हिटवर त्यानं षटकार मारला. ३३ चेंडूंत नाबाद ८५, आठ चेंडू राखून विजय. आमच्या गल्लीत बाया गॅलरीत आल्या होत्या. ज्यांना क्रिकेटमधलं एलबीडब्ल्यू कळत नाही अशा माझ्या सौभाग्यवतीनं टीव्हीवर अमरावतीचं नाव ऐकून साजूक तुपाचा शिरा टाकला. आणि सगळ्या गल्लीत एकटा सुतकी चेहऱ्यानं बसलेला माणूस म्हणजे आमचा पुतण्या. का? तर त्यानं जितेशला घेतलं नव्हतं. त्यानं घेतला होता लिव्हिंगस्टन, जो पहिल्याच चेंडूवर पायचीत झाला.

"अरे, आपल्या गावचा पोरगा मारून राहिला, जरा हास तरी!" मी म्हटलं.

"काका, तुमाले नाही समजत. जितेश जितका मारीन तितका मी खाली जाईन."

हे ऐकलं आणि मला ३,६२६ रुपयांचं काहीच वाटेनासं झालं. पैसे काय, गेले. पण अमरावतीच्या माणसानं आयुष्यातला एक दिवस असा काढावा आणि त्याच गावचा एक पोरगा, रंगीत टीव्हीसमोर बसून, तो लवकर बाद व्हावा म्हणून नवस बोलत असावा, याला काय म्हणावं? पुतण्यानं सामना पाहिला, पण त्याला तो दिसला नाही. त्याला दिसली फक्त आपली यादी.

हे लोक म्हणतात, यात अभ्यास लागतो. लागत असेल. पंजाब आणि हरियाणाच्या उच्च न्यायालयानंही २०१७ साली हा कौशल्याचा खेळ ठरवला होता. पण मग कौशल्याचे नियम पाळा की! अंदाज बरोबर आला तर आपला अभ्यास, आणि चुकला तर खेळाडूचा धोका, हे कुठलं कौशल्य? हवामानखात्यानं पाऊस पडला नाही म्हणून ढगांना शिव्या दिलेल्या मी ऐकलेल्या नाहीत.

आमचे साडभाऊ अकोल्याचे. त्यांच्याशी माझं या बाबतीत एकमत आहे, फक्त एक तारीख सोडून. १७ मे २०२३, धरमशाला. पंजाबच्या संघात तेव्हा अकोल्याचा अथर्व तायडे आणि अमरावतीचा जितेश, दोघंही होते. दिल्लीविरुद्ध २१४ धावा हव्या होत्या. अथर्व ४२ चेंडूंत ५५ वर खेळत होता. धावांची गती वाढवायला हवी म्हणून त्याला 'रिटायर्ड आउट' करून बोलावून घेतलं आणि त्याच्या जागी जितेश आला. जितेश तीन चेंडूंत शून्य. पंजाब १५ धावांनी हरलं.

साडभाऊंनी त्याच रात्री फोन केला. "तुमच्या गावच्या पोट्ट्यासाठी आमचा पोट्टा उठवला, अन् त्यानं काय केलं? भोपळा!" बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत रेल्वेचे रूळ तापले असावेत असा तो आवाज होता. मी गप्प बसलो. दोनच दिवसांनी त्याच धरमशालेत राजस्थानविरुद्ध जितेशनं ४४ काढल्या. मग मी फोन केला. तो उचलला गेला नाही.

पण साडभाऊंचा राग मला समजतो, तो खरा राग आहे. गावासाठीचा आहे, पोरासाठीचा आहे. आता वहीवाल्यांना विचारा, की ज्याला न बाद होता बाद ठरवून परत बोलावलं आणि जो निमूटपणे बॅट काखेत घेऊन आला, त्या अथर्वच्या त्या चालण्याचे गुण किती? आणि वय पंचविशीच्या आत असताना, २०१६ आणि २०१७ असे दोन हंगाम मुंबईच्या संघात राहून एकही सामना खेळायला न मिळालेल्या जितेशचे? पाणी नेऊन देण्याचा रकाना वहीत नाही.

मार्च २०२५ मध्ये विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, तो नागपुरात, केरळविरुद्ध. पहिल्या दिवशी विदर्भ ३ बाद २४. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली. दानिशनं १५३ काढल्या, सावकाश, पेरणी करावी तशा. करुण ८६ वर धावबाद झाला. ती भागी मी रेडिओपुढे बसावं तशी मोबाइलपुढे बसून ऐकली. पुतण्या म्हणाला, "यात मजा नाही काका, पॉइंट हळू पडतात."

आकड्याचं वेड आम्हा वऱ्हाडकरांना नवं आहे असं मी म्हणत नाही. आमच्या कापसाच्या मुलखाला आकडा चांगला ओळखीचा. मुंबईचा तो प्रसिद्ध मटकासुद्धा मुळात न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर लागायचा. पण आकडा चुकला म्हणून आमच्या आजोबांच्या पिढीतल्या कुणी सरकीला "धोका देल्ला" म्हटल्याचं ऐकिवात नाही. ते नशिबाला शिव्या द्यायचे, आणि फार झालं तर बायकोवर डाफरायचे. कापसाच्या बोंडाला मन नसतं हे त्यांना ठाऊक होतं. खेळाडूला असतं, हे आमच्या पोरांना ठाऊक नाही.

गेल्या शनिवारी पुतण्याचे गुण सगळ्यांत कमी भरले. गिला वडा त्याच्या खिशातून झाला. मी आगंतुक म्हणून दोन खाल्ले. वहीत एक नवा रकाना आखावा, असं मी तिथे सुचवलं: गावचा खेळाडू चमकला आणि आपल्या अकरांत नसूनही आपण टाळी वाजवली, तर दहा गुण. मंडळींनी विचार करून कळवतो म्हटलं आहे. साडभाऊंना फोनवर सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "हे मागच्या तारखेपासून लागू होईन का? म्हंजे १७ मे २०२३ पासून?"