खिडकीची जागा मिळाली, पुढे?

संशोधनाच्या कामासाठी कुंभकोणमला असताना मुदुमलाईच्या तीन दिवसांच्या बस-सहलीचं पत्रक हाती आलं. तंजावर, तिरुची, कोईमतूर, उटी असा लांबचा रस्ता. शेवटी जंगलात एक फेरी आणि थेप्पाकाडूची हत्ती छावणी.

याच छावणीतले बोम्मन आणि बेल्ली ‘द एलिफंट व्हिस्परर्स’मुळे जगाला कळले. 2023 मध्ये त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. दोघे काट्टुनायकन आदिवासी. पत्रकावर हत्ती होता, वाघ होता. त्यांच्या समाजाबद्दल अक्षर नव्हतं. मुदुमलाई 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. आदल्याच वर्षी संसदेने वनहक्क कायदा केला होता. अभयारण्यातल्या हक्कधारकांना ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय हलवता येत नाही, असं तो सांगतो.

आपल्याकडचं ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. नाव पडलं गोंडांच्या तारू देवावरून. पुण्या-मुंबईहून येणारी बस मात्र किती वाघ दिसले एवढंच मोजून परतते.

आपल्या आईवडिलांना सहल माहीत नव्हती. दीक्षाभूमी, चैत्यभूमी हाच त्यांचा लांबचा प्रवास, आणि आपण कशासाठी चाललोय हे गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. आज आपण पगारातून खिडकीची जागा घेतो. जरूर घ्यावी. पण आपल्या वस्तीकडे लोक ज्या नजरेने बघत आले, त्या नजरेने आपण पाड्याकडे बघू नये. गाईडला वाघाच्या आधी विचारा: इथल्या ग्रामसभेची संमती घेतली होती का?