चांद्याचं लोखंड, चाकणची गाडी

२०२५ चा दसरा नेमका २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या दिवशी आला. दहा दिवस आधी छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला होता. त्याच्याही आधी, २७ ऑगस्टपासून, अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लादलं होतं. हे सगळं एका मुहूर्तावर जुळून आल्यावर चंद्रपुरातल्या शोरूमपासून थेट सिरोंच्याच्या पानठेल्यापर्यंत एकच उपदेश ऐकू येऊ लागला: गाडी घ्यायची तर स्वदेशीच घ्या, परक्याची घ्याल तर देशाशी बेइमानी. मोबाइलवर याद्या फिरल्या. अमुक कंपनी आपली, तमुक त्यांची.

हा उपदेश करणाऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि त्यांना हसणाऱ्यांशी त्याहून थोडं जास्त.

आधी याद्या पाहू. मारुती आपली की त्यांची? मालकी निम्म्याहून अधिक जपानच्या सुझुकीकडे, पण तिची जिमनी गुरुग्रामला तयार होऊन जपानला विकायला जाते. एमजी? नाव जुनं इंग्रजी, मूळ मालक चिनी, सोबत जिंदलांची भागीदारी, आणि कारखाना गुजरातेत हलोलला. लँड रोव्हर तर इंग्रजी उमरावांची गाडी, पण २००८ पासून टाटांच्या घरची. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापार करार झाला. ब्रिटिश गाड्यांवरचं शंभर टक्क्यांहून जास्त असलेलं आयात शुल्क ठरावीक कोट्यापुरतं, टप्प्याटप्प्याने, १० टक्क्यांपर्यंत खाली यायचं आहे. "परदेशी गाड्यांना दार उघडलं" म्हणून ओरड झाली. त्या दारातून आत येण्याची सर्वात जास्त घाई ज्यांना, त्यांत टाटांचीच कंपनी. आता इंग्लंडात बांधलेली, टाटांच्या मालकीची गाडी घेणाऱ्याला यादीच्या कोणत्या रकान्यात घालायचं, ते यादीवाल्यांनीच सांगावं.

या याद्यांपेक्षा शहाणी व्याख्या पंतप्रधानांनी केली. २६ ऑगस्टला हंसलपूरच्या सुझुकी कारखान्यातून इलेक्ट्रिक गाडी परदेशी रवाना करताना ते म्हणाले, त्याचा मथितार्थ असा की पैसा कुणाचाही असो, घाम माझ्या देशवासीयांचा असला की ती वस्तू स्वदेशी. ऐकायला पटतं. पण ही व्याख्या तळेगावला लावून बघा. तिथे २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. घाम शंभर टक्के आपल्या पोरांचा. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, २०२० सरताना तळेगावचं उत्पादनही थांबलं. घाम गाळणाऱ्यांना कुणी विचारलं नाही, कारण निर्णयाची खुर्ची डेट्रॉइटला होती. पुढे ती जागा ह्युंदाईने घेतली, म्हणजे खुर्ची सेऊलला गेली. फोर्डनेही २०२१ मध्ये साणंद आणि चेन्नईबाबत हेच केलं. घाम आपला आणि कुलूप त्यांचं, ही स्वदेशी अर्धीच आहे.

गंमत अशी की याच तळेगावात शंभर वर्षं आधी, १९०८ मध्ये, पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती: माणशी वर्षाला एक पैसा. लोकांकडून आधी भांडवल घेतलं, पोरांना काचकाम शिकवलं, आणि मग बांगडी-चिमणी बाजारात आणली. परदेशी काच फोडायला फारशी अक्कल लागत नाही. टिळकांच्या काळातल्या स्वदेशीचा हा दुसरा, घडवण्याच्या कष्टाचा भाग आजच्या याद्यांमधून साफ गळून पडला आहे.

व्यापार तुटीचा मुद्दाही असाच डोक्यावर उभा केला जातो. "आम्ही त्यांच्या गाड्या घेतो, ते आमच्या घेत नाहीत, म्हणजे ते आम्हाला लुटतात" ही तक्रार अमेरिका जपानविरुद्ध पन्नासेक वर्षं करत आली आहे. जपानचं गाड्यांवरचं आयात शुल्क १९७८ पासून शून्य आहे. तरी अमेरिकन गाडी तिथे खपत नाही, कारण तिथल्या गल्लीबोळांत ती वळतच नाही, आणि स्टीअरिंग वर्षानुवर्षं चुकीच्या बाजूला ठेवून त्यांनी ती पाठवली. १९८१ मध्ये अमेरिकेने दबाव आणून जपानला वर्षाला १६.८ लाख गाड्यांची मर्यादा घालून घ्यायला लावली. झालं काय? संख्या बांधली गेल्यावर जपान्यांनी महागड्या गाड्या पाठवल्या, ओहायोसारख्या ठिकाणी स्वतःचे कारखाने टाकले, आणि अमेरिकन गिऱ्हाइकाने सगळ्याच गाड्यांना जास्त दाम मोजले. देशनिष्ठेच्या त्याच तापात १९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन नावाच्या चिनी वंशाच्या तरुणाला जपानी समजून बेसबॉलच्या बॅटने मारलं गेलं. मारणारा मोटार कारखान्यातला फोरमन होता. गाडीच्या बिल्ल्यावरून माणसाची पारख करायला लागलं की गाडं कुठवर जातं, ते यात दिसतं.

आपली गोष्ट तर उलटीच आहे. तयार प्रवासी गाड्या आपण आणतो त्याहून कितीतरी जास्त बाहेर पाठवतो; २०२४-२५ मध्ये साडेसात लाखांहून अधिक गेल्या. आपली तूट गाडीच्या पोटात आहे. बॅटरीचे सेल, चिप, चुंबक. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर निर्यातबंधनं घातली, तेव्हा इथल्या "पूर्ण स्वदेशी" इलेक्ट्रिक गाड्यांच्या कारखान्यांची झोप उडाली. बाहेरचा पत्रा देशभक्त आणि आतली मोटर दुसऱ्याच्या मेहेरबानीवर, अशी स्थिती असताना शोरूमच्या दारात गिऱ्हाइकाची देशनिष्ठा तपासण्यात काय हशील?

आता हसणाऱ्यांकडे वळतो. त्यांचं म्हणणं सोपं: स्वस्त आणि टिकाऊ मिळेल ते घ्यावं, बाजारात भावना आणू नये, आणि संरक्षण दिलं की ॲम्बेसेडर होते. ॲम्बेसेडरचा दाखला खोटा नाही. १९५८ पासून २०१४ पर्यंत तीच पाठ, तेच पोट. गिऱ्हाइकाने पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि कंपनीने त्याच्यावरच उपकार केल्यासारखं वागायचं. पण यातून "संरक्षण नकोच" असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी चांद्याचा, म्हणजे जुन्या चंद्रपूरचा, इतिहास वाचलेला नाही.

१८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा एक सरकारी अहवाल निघाला. विषय होता चांदा जिल्ह्यातलं लोखंड. आज सिंदेवाही तालुक्यात असलेली लोहाऱ्याची टेकडी, आणि तिच्यापासून फार लांब नसलेली वरोऱ्याची कोळसा खाण, यांच्या जोरावर इथे लोखंडाचा कारखाना चालेल, असा त्याचा कौल होता. हा अहवाल जमशेटजी टाटांच्या हाती पडला. नागपुरातली त्यांची एम्प्रेस मिल तेव्हा चार-पाच वर्षांची होती. टाटांच्या पोलादाचं स्वप्न जमशेदपुरात जन्मलं असं आपण पाठ केलं आहे. ते जन्मलं चांद्याच्या जंगलावर. वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीत तपासले गेले आणि त्याचा कोक होत नाही असं निघालं. सरकारच्या खाणपट्ट्याच्या अटीही अशा जाचक की भांडवल घालणाऱ्याने हात जोडावेत. बेत बारगळला. वीसेक वर्षांनी, अटी सैल झाल्यावर, टाटांची माणसं पुन्हा याच जिल्ह्यात फिरली आणि पुन्हा हात हलवत परतली. १९०३ मध्ये जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी बेत सोडल्याचं सांगायला नागपूरच्या सचिवालयात गेले. भेटीला वेळ होता म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले, तिथल्या भूगर्भ नकाशावर दुर्गचं लोखंड दिसलं, आणि वाट पूर्वेकडे वळली ती साकचीपर्यंत, म्हणजे आजच्या जमशेदपुरापर्यंत. १९०७ मध्ये कंपनी, १९१२ मध्ये पहिलं पोलाद.

ते पोलाद निव्वळ बाजाराच्या जिवावर जगलेलं नाही. वर्षाला २० हजार टन रूळ घेण्याचं आश्वासन सरकारने आधीच दिलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी पोलादाचा मारा झाला तेव्हा १९२४ मध्ये संरक्षणाचा कायदा आला. या कायद्याची घडण मात्र नीट पाहावी. आधी टॅरिफ बोर्डाने कंपनीच्या हिशेबाची उलटतपासणी केली, मगच शुल्क लागलं, आणि तेही तीन वर्षांसाठी. १९२७ मध्ये पुन्हा चौकशी, पुन्हा मुदत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये लोखंडाच्या धंद्यावर निबंध लिहिला, त्याच्या मुळाशी हीच तळमळ होती की राज्याने पाठबळ दिल्याशिवाय हा धंदा इथे रुजणार नाही. टाटांना मुदतीचं कवच मिळालं, ॲम्बेसेडरला बेमुदत. फरक तेवढाच आणि तोच सगळा.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. निष्ठा मागायला हरकत नाही, पण मागणाऱ्याने हिशेब आधी दाखवावा: काम कुठे होतं, निर्णय कोण घेतो, आणि ज्या मातीतून माल उपसला तिथे काय उरतं.

एकेकाळी याच चांदा जिल्ह्यात असलेल्या गडचिरोलीचा माणूस गाडी कशी निवडतो ते आलापल्लीच्या कुठल्याही गॅरेजात उभं राहिलं की कळतं. काळी-पिवळी ट्रॅक्स किंवा बोलेरो जॅकवर चढवलेली, मागचे पाटे मोडलेले. मिस्त्री सेंटर बोल्ट काढतो, मोडका पाटा बाजूला फेकतो, दुसरा बसवतो, यू-बोल्ट आवळतो. चहा येऊन संपेपर्यंत गाडी भामरागडच्या वाटेला लागलेली असते. व्हील बेअरिंगच्या खोक्यावर स्वीडनच्या कंपनीचं नाव, माल चिंचवडचा. इंजेक्टर जर्मन नावाचा, नाशिकचा. त्याच्याशी मिस्त्रीला देणंघेणं नाही. सेन्सर गेला मात्र, की तो हात पुसतो आणि म्हणतो, "हे नागपूरले न्या लागते." या गाड्यांवर इथल्या माणसाची जी निष्ठा आहे ती अशी कमावलेली आहे. पाटा अहेरीत मिळतो, म्हणून गाडी आपली. शांघायहून आलेली साठ लाखांची टेस्ला मुंबईच्या शोरूममध्ये कितीही चमकली तरी पर्लकोटेच्या पुरात तिचा उपयोग शून्य.

मग या निष्ठेच्या बदल्यात जिल्ह्याला काय मिळतं? एटापल्ली तालुक्यातली सुरजागडची लोखंडाची टेकडी, माडिया आदिवासींच्या ठाकूरदेवाचं ठाणं. २००७ मध्ये खाणपट्टा मंजूर झाला, २०१६ मध्ये काम सुरू झालं, त्याच डिसेंबरात नक्षलवाद्यांनी सत्तरहून जास्त वाहनं जाळली, २०२१ पासून उपसा पुन्हा जोरात. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांच्या रांगा, पावसाळ्यात लाल चिखल, उन्हाळ्यात धानावर लाल धूळ. २०२५ च्या जुलैत हेडरीपासून कोनसरीपर्यंत खनिज वाहून नेणारी ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली, कोनसरीत पेलेटचा प्रकल्प आला. नुसतं दगड-माती उपसून नेण्यापेक्षा हे चांगलंच, मी नाक मुरडणार नाही. शेजारच्या चंद्रपुरात २९२० मेगावॅटचं वीज केंद्र, घुग्घुस-बल्लारपूरचा कोळसा, आणि पोलादाला लागणारं फेरोमँगनीज करणारा कारखाना. गाडीच्या पत्र्याला जे जे लागतं, ते ते या दोन जिल्ह्यांत आहे. आणि गाडी? ती चाकणहून, नाशकाहून ट्रेलरवर बसून येते. अमक्या टेकडीचं लोखंड तमक्या बॉनेटात गेलं असं कुणी दाखवू शकणार नाही. पण कच्चं इथून जातं आणि पक्कं इथे विकायला येतं, ही तूट दाखवायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. टोकियो आणि वॉशिंग्टनमधल्या असमतोलावर तावातावाने बोलणारे आष्टी आणि चाकणमधल्या असमतोलाला विकास म्हणतात.

नुसतं शुल्क वाढवल्याने ही तूट बुजत नाही, याचा पुरावाही इथलाच. बांबूच्या या मुलखात उदबत्तीला काडी व्हिएतनाम-चीनची जळत होती. २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरचं शुल्क १० वरून २५ टक्के केलं. ठीक केलं. पण शुल्काने काडी सोलायचं यंत्र येत नाही, ते चालवणारा हातही तयार होत नाही. याउलट धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तोवर या जंगलांचा बांबू ठेक्याने कागद गिरणीत जात होता आणि गावाच्या वाट्याला तोडणीची मजुरी येत होती. हक्क आल्यावर भाव गावाने ठरवला. मालकी, निर्णय आणि काम एका ठिकाणी आल्यावर वेगळी स्वदेशी शिकवावी लागली नाही.

यावर ठरलेला आक्षेप येईल: गडचिरोलीत मोटारीचा कारखाना काढायचा म्हणता? जिल्ह्यात रेल्वे वडशापुरती, गडचिरोलीपर्यंतचा ५२ किलोमीटरचा मार्ग अजून पुरा व्हायचाय, आणि तुम्ही निघालात गाड्या बनवायला! नाही, मोटारीचा कारखाना कुणी मागत नाही. कोनसरीत पोलाद होणार असेल तर त्यातून पाटे, यू-बोल्ट, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टिप्परच्या बॉड्या आष्टी-चामोर्शीत का होऊ नयेत? ही काही अंतराळयानं नव्हेत. खनिजाच्या रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा जमा होतो, आणि कौशल्य शिक्षण हा त्या पैशाचा मान्य खर्च आहे. एटापल्ली-अहेरीच्या पोरांना सेन्सर आणि बॅटरीचं काम शिकवायला तो वापरता येतो. ज्या गाड्यांना आयात शुल्काची भिंत मिळाली आहे, त्यांच्या कंपन्यांना त्या भिंतीच्या बदल्यात सरकारने अट घालावी: इतक्या वर्षांत इतका सुटा माल मागास जिल्ह्यांतून घ्यायचा, नाही तर भिंत उतरवू. १९२४ मध्ये परक्या सरकारला मुदत घालायचं सुचलं होतं. आपल्याला सुचायला अडचण काय आहे, ते दसऱ्याच्या याद्या करणाऱ्यांनी दिल्लीला विचारावं. आलापल्लीच्या गिऱ्हाइकाला विचारून काही उपयोग नाही, त्याने गाडी केव्हाच घेतली आहे आणि हप्तेही फेडतो आहे.