बुरशी भिंतीवर, उपचार यकृतावर!

इंग्लंडमध्ये २७ ऑक्टोबर २०२५ पासून ‘अवाब कायदा’ लागू झाला. रॉचडेलमधील, डिसेंबर २०२० मध्ये मरण पावलेल्या दोन वर्षांच्या अवाब इशाक या बालकाचे नाव त्याला मिळाले आहे. घरातील बुरशीच्या दीर्घ सहवासाने श्वसनाचा तीव्र विकार होऊन हा मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष २०२२ मधील न्यायिक चौकशीत निघाला. पित्याने २०१७ मध्येच तक्रार केली होती. तेव्हा ‘वरून रंग मारा’ असा सल्ला मिळाला. (हा सल्ला मुंबईकर भाडेकरूंनाही नवा नाही!) आता सामाजिक भाडेघरांच्या चालकांनी अशा गंभीर तक्रारीची दहा कामकाजी दिवसांत पाहणी करून पुढील पाच कामकाजी दिवसांत धोका दूर करणे बंधनकारक आहे.

बुरशी म्हटली की विषाची भीती आलीच. ती निराधार नाही. अफ्लाटॉक्सिन पोटात गेले की यकृतातील विकरे त्याचे रूपांतर करतात. मात्र हे रूपांतरित द्रव्य मूळ विषाहून घातक असते आणि ते पेशीतील डीएनएला चिकटते. ग्लुटाथायोन त्याला गाठून निष्प्रभ करते व ते पित्त-मूत्रावाटे बाहेर पडते. मात्रा वाढली की हा बचाव तोकडा पडतो. १९७४ मध्ये बांसवाडा व पंचमहाल जिल्ह्यांत बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली ती यामुळेच. ऑक्राटॉक्सिन तर रक्तातील अल्ब्युमिनला बिलगून आठवडेच्या आठवडे मुक्काम करते.

तथापि ही हकीकत अन्नातील विषाची. भिंतीवरून श्वासावाटे जाणारी मात्रा सहसा फारच अल्प असते. अमेरिकेत क्लीव्हलंडमधील अर्भकांच्या फुप्फुसांतील रक्तस्रावाचा ठपका १९९० च्या दशकात काळ्या बुरशीवर ठेवला गेला. २००० मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्रानेच हा संबंध सिद्ध होत नसल्याचे जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेनुसार ओलसर घरांचा संबंध आढळतो तो दमा, खोकला व श्वसनमार्गाच्या संसर्गाशी.

तरीही लघवीतील बुरशीविषे मोजून ‘शरीरशुद्धी’ विकणारा धंदा अमेरिकेत फोफावला. अशा चाचण्यांना तेथील औषध प्रशासनाची मान्यता नसल्याचे याच केंद्राने २०१५ मध्ये बजावले. यकृत आपले काम विनामूल्य करीतच असते. गळका नळ आणि झिरपणारी गच्ची मात्र कोणत्याही गोळीने दुरुस्त होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ही दुरुस्ती घरमालकाची जबाबदारी आहे; नोटीस देऊनही त्याने ती टाळल्यास भाडेकरूला स्वतः काम करून घेऊन, ठरावीक मर्यादेत, खर्च भाड्यातून वळता करता येतो.