नियम आहे, पण कुठे?
पुण्याहून दिल्लीला निघालो होतो. विमान सात तास लांबलं आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, नियमात बसत नाही." कुठल्या नियमात, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मग मोबाइल काढला. गुगलवर आधी भेटतात ती तिकीट विकणाऱ्यांची पानं, तीही अर्धवट. मूळ मजकूर असतो डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर, 'सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स'मध्ये: सेक्शन ३, सिरीज एम, भाग ४. सदाशिव पेठेतलं जुनं घर शोधणं याहून सोपं. पण एकदा सापडलं की भाषा स्वच्छ आहे. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा. पक्कं तिकीट असून चढू दिलं नाही, तर भरपाई २०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकते. मूळ कायदा हवा असेल तर 'इंडिया कोड' हे सरकारचं कायद्यांचं संकेतस्थळ पाहा, मात्र १९३४चा एअरक्राफ्ट ॲक्ट उघडून बसू नका. १ जानेवारी २०२५पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आहे. डीजीसीएच्या नियमाची पीडीएफ मी त्या मुलापुढे धरली. त्यानं ती निवांत वाचली आणि म्हणाला, "सर, मला व्हॉट्सॲप करता का?"