ऐंशी वर्षे आणि आठ महिने

इंग्लंडात फ्लॅट ‘विकत’ घेणाऱ्या मुलाने नेमके काय घेतले आहे, हे त्यासाठी इथून पैसे पाठवणाऱ्या आईवडिलांना सहसा ठाऊक नसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये बहुतेक फ्लॅट भाडेपट्ट्यावर, म्हणजे लीजवर असतात. जमीन दुसऱ्याची, इमारतही त्याचीच. आपण घेतो ती त्या खोल्यांत राहण्याची ठरावीक वर्षे. बँकेच्या कर्ज विभागात मी अशा तारणांचे कागद पुष्कळ वाचले. भिंती शाबूत असताना ज्याची किंमत नुसत्या कॅलेंडरने घटते, ते ‘मालकीचे घर’ म्हणून विकणे ही माझ्या मते शब्दांची हातचलाखी आहे.

माझ्या भाचीचा हॅरोमध्ये लहानसा फ्लॅट आहे. तो घेताना तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मेव्हण्यांनी, आपल्या प्रॉव्हिडंट फंडातली मोठी रक्कम दिली होती. गेल्या नाताळात तिचा फोन आला तेव्हा पट्ट्याची ऐंशी वर्षे आणि आठ महिने उरले होते. आपल्याला हसू येते. पणतवंडांची सोय झाली की! पण तिथल्या हिशेबात ऐंशी हा उंबरठा आहे.

१९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकाला पट्टा ९० वर्षांनी वाढवून मागण्याचा हक्क दिला. मोबदला द्यायचा, आणि पुढे जमीनभाडे म्हणून ‘मिरीचा एक दाणा’. कायद्याची भाषाच तशी आहे. (ज्या मिरीसाठी युरोपची गलबते हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागली, ती तिथे फुकटाची खूण ठरावी!) हा कायदा होताना मेफेअर-बेल्ग्रेव्हियाचे जमीनदार ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर इतके रागावले की, त्यांनी हुजूर पक्षाचा राजीनामा दिला. त्यांच्या इस्टेटीचे विश्वस्त त्याआधी अशाच कायद्याविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले होते आणि १९८६ मध्ये हरलेही होते.

पण मुदत ऐंशीच्या खाली घसरली की मोबदल्यात आणखी एक रक्कम शिरते. तिचे नाव ‘मॅरेज व्हॅल्यू’. विवाहमूल्य! मराठी कानाला हुंडाच वाटेल, आणि अर्थाने फार लांबही नाही. मालकाचा आणि धारकाचा हितसंबंध एकत्र आल्याने मालमत्तेचे जे मोल वाढते, त्यातला निम्मा वाटा मालकाला द्यायचा. शिवाय मालकाच्या वकिलाचा आणि मूल्यमापकाचा वाजवी खर्चही धारकाच्याच माथी. मुदत वाढवलीच नाही तर? शेवटी लगेच कोणी रस्त्यावर काढत नाही, बाजारभावाने भाडेकरू म्हणून राहता येते. पण त्याच्या कितीतरी आधी, पट्टा आखूड झाला की बँका कर्ज द्यायला कांकू करतात आणि गिऱ्हाईक पाठ फिरवते.

“मामा, तू बँकेत होतास, तूच सांग, थांबू का?” भाचीने विचारले. प्रश्न योग्य होता. २०२४ च्या नव्या कायद्यात पट्टा ९९० वर्षांनी वाढवण्याची तरतूद आहे आणि विवाहमूल्य रद्द करण्याचीही. मालकी दोन वर्षे तरी असावी ही अट तर ३१ जानेवारी २०२५ पासून गेलीच. मात्र विवाहमूल्याचे कलम प्रत्यक्षात कधी लागू करायचे, हे सरकारने नंतरवर सोडले. मालकमंडळी, त्यांत काही धर्मादाय संस्थाही, न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. भाड्याच्या उत्पन्नावर चालणाऱ्या संस्था असतात, आणि नियम मधेच बदलला की झळ बसतेच. पण घड्याळ पुढे सरकल्याबद्दल एकाने भरायचे आणि दुसऱ्याने काहीही न करता घ्यायचे, याचे समर्थन मला जमत नाही.

भाचीच्या नवऱ्याने तक्ता मांडला होता. नवा कायदा वेळेत लागू झाला तर थांबण्यात फायदा, हे त्यात दिसत होते. ती रक्कम त्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली, म्हणून मोहही मोठा. पट्ट्याची पंचाण्णव वर्षे उरली असती तर मीही थांबा म्हटले असते. इथे हातात आठ महिने होते. मोबदला ठरतो तो नोटीस दिल्याच्या तारखेला जी मुदत उरली असेल त्यावर, वाटाघाटी पुढे कितीही लांबल्या तरी. मी म्हटले, नोटीस दे. मंत्र्याच्या आश्वासनावर मी कधी कर्ज मंजूर केले नव्हते, सल्ला तरी कसा देऊ?

तिने फेब्रुवारीत नोटीस दिली. मेव्हण्यांना मात्र अजून पटत नाही. “एकदा घेतलेलं घर पुन्हा काय घ्यायचं?” हा त्यांचा सवाल आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

ते स्वतः राहतात नेरुळला. त्यांची सोसायटी माझीही आहे. जमीन सिडकोची, पट्टा ६० वर्षांचा, करार १९८८ चा, म्हणजे मुदत २०४८ पर्यंत. वार्षिक सभेत हा विषय मी दोनदा मांडला. दोन्ही वेळा गच्चीच्या गळतीने बाजी मारली.