पाटी संगणकाची, दोरी परक्याची

मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता जेथे मिळतो, त्या नाशिकच्या द्वारका चौकात रविवारी सायंकाळी पाठीवर लॅपटॉपची पिशवी अडकवून गाडीची वाट पाहणारे तरुण दिसतात. कित्येकांची वाट हिंजवडीची असते. बारावीचा निकाल लागताच घरोघरी एकच विचारणा होते, ‘कॉम्प्युटर मिळाले का?’ यंत्र आणि स्थापत्य या शाखा म्हणजे जणू हुकलेल्यांची सोय!

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. घराजवळ शिकण्याची सोय झाली, हे मान्यच करावे लागेल. पुढे मात्र शिक्षणाची दिशा बाजाराने ठरवली. तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांवरील प्रवेशसंख्येची कमाल मर्यादा उठवताच ओढा पुन्हा संगणकाकडे आणि त्याच्या नव्या नामावतारांकडे वळला. पाटीवर ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ लिहिणे सोपे असते. ती शिकवणारा अध्यापक कोठून आणणार? अंतिम वर्षाचा प्रकल्प विकत मिळतो, हे तर उघड गुपित आहे.

आणि एवढ्या खटाटोपाचे फलित काय? परदेशी बँकेच्या वा विमा कंपनीच्या जुन्या प्रणालीची डागडुजी! ही चाकरी हीन नव्हे. अनेक मराठी घरांना तिनेच सुस्थिती दिली. परंतु जिची दोरी परक्याच्या हाती, त्या सुस्थितीचा भरवसा कोणी द्यावा? जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लादले. एका स्वाक्षरीने!

याच अमेरिकेने १९८० च्या दशकात भारताला हवा तो महासंगणक नाकारला होता. त्या नकाराला उत्तर म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला. ही परंपरा खंडित झालेली नाही. नाशिक-पुणे रस्त्यावरील नारायणगावजवळ, खोडद येथे, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशाचा वेध घेत आहेत. त्या संशोधनासाठी २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्रार्पण झाला. दर आठवड्याला त्याच रस्त्याने जाणाऱ्या किती संगणक-पदवीधरांना हे ठाऊक आहे? त्यांच्या महाविद्यालयांनी ते सांगण्याची तसदी घेतली आहे काय?

नाशिकपाशी ओझरचा विमान कारखाना आहे, सातपूर-अंबडचे उद्योग आहेत, लासलगावची कांद्याची बाजारपेठ आहे. यांतील प्रत्येक ठिकाणी संगणक-अभियंत्याला पुरून उरेल एवढे काम आहे. महाविद्यालयांनी अंतिम वर्षाचे प्रकल्प तेथूनच मागून आणावेत आणि त्यांचे मूल्यमापन तेथील जाणकारांसमोर करावे. पालकांनीही ‘पॅकेज किती?’ विचारण्यापूर्वी मुलाने चार वर्षांत स्वतः काय घडवले, ते पाहण्याचा हट्ट धरावा.