करणी आणि कृपा
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी कोसळली, तेव्हा ढिगारे उपसायला धावलेल्यांना कुणी धर्म विचारला नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीतही तो विचारत नाहीत. चांगुलपणा कुण्या एका धर्माची मिरास नाही, हे आपल्या मराठवाड्याला वेगळं शिकवावं लागत नाही. मग ख्रिस्ती शुभवर्तमानात सद्वर्तनाहून निराळं काय? मला याचं उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडतं. तीर्थयात्रा, उपासतापास, शास्त्राध्ययन हे सारं त्यांचं कोवळ्या वयातच झालेलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन उभारलं. तरीही १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो कैक वर्षांनी उमगला. एवढी पुण्याई गाठीशी असताना ती बाजूला ठेवून, देवापुढे रित्या ओंजळीनं उभं राहणं, आणि न कमावलेली क्षमा दान म्हणून घेणं! मला हे त्यांच्या विद्वत्तेहूनही अवघड वाटतं. काम मात्र थांबलं नाही. पुढे दुष्काळात होरपळलेल्या शेकडो बायका-मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला.